हात खिशाकडे कधी जातो? देणगी देताना मनात काय चालतं

नीराकाठ

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी गेली अकरा वर्षं दर शनिवारी पावतीपुस्तक घेऊन फिरते. खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे, बत्तीस मुली, त्यांच्या मेसचा खर्च आम्ही सात-आठ जणी मिळून गोळा करतो. नाव मुद्दाम देत नाहीये, हा मदतीच्या आवाहनाचा धागा नाही. मला खरंच समजून घ्यायचंय की माणूस देतो तेव्हा कशामुळे देतो, कारण एवढी वर्षं फिरूनही कोण देईल आणि कोण नाही याचे माझे अंदाज चुकतातच.

मागच्या वर्षी दिवाळीनंतरचा एक शनिवार. एका मोठ्या सोसायटीत फोन करून वेळ घेऊन गेले होते. गृहस्थ अगदी सज्जन, बसवलं, पाणी दिलं, मी छापील पत्रक दिलं त्यात मुली किती, खर्च किती, एका मुलीमागे महिन्याला किती, सगळं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि "चांगलं काम आहे, विचार करून कळवतो" म्हणाले. नाही कळवलं. त्यांच्यावर राग नाही माझा.

बाहेर आले तर गेटपाशी भाजीवाल्या मावशी बसतात, मी त्यांच्याकडूनच मेथी घेते नेहमी. हातातलं पुस्तक बघून त्या म्हणाल्या, "कसली पावती फाडतीस गं?" मी सांगितलं. तर त्यांचा पहिला प्रश्न, "पोरगी कुठली हाय?" बत्तीस वगैरे त्यांनी ऐकलंच नाही. मी म्हटलं, एक आहे जत तालुक्यातली, यंदाच नर्सिंगला लागलीय, आईवडील ऊसतोडीला जातात. मावशींनी हात पुसले, कनवटीची घडी सोडली, आतून दहा-दहाच्या पाच नोटा काढल्या, ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या, त्या एकेक सुटी करून माझ्या तळहातावर ठेवल्या. पावतीवर नाव काय घालू विचारलं तर म्हणाल्या, "माझं कशाला, लेकीचं घाल." लेकीला सातवीतून शाळेतून काढली होती, हे त्यांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

आणि आता गेल्या महिन्यात मेथी घ्यायला गेले तर विचारतात, "ती पोरगी पास झाली का?" मला उत्तरच देता येईना. पैसे आमच्याकडे एका डब्यात जातात, त्यातून गहू-तांदूळ येतात, ती मुलगी त्या दिवशी माझ्या तोंडात आली एवढंच. पण मावशींनी पन्नास रुपये "वसतिगृहाला" दिलेच नव्हते, त्या मुलीला दिले होते. तेव्हापासून मला वाटतंय की आपण देणाऱ्याचं मन नीट ओळखत नाही, त्याला काय हवं असतं तेच आपल्याला माहीत नाही. तुम्ही कशामुळे देता? खरं सांगा, चांगलं दिसणारं नको.

चांदणचुरा

सुंदर लिहिलंय ताई. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, मावशींचा प्रश्न वाचला आणि वर्गात दरवर्षी सांगते तो प्रयोग आठवला.

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक या तिघांचा, २००७ साली छापून आलेला. लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली, त्याचे पाच डॉलर हातात दिले आणि सोबत एक पत्र, यातलं वाटलं तर आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी द्या. काहींच्या पत्रात नुसते आकडे, अमुक देशात इतके लाख लोक उपाशी. काहींच्या पत्रात एकच मुलगी, मालीतली सात वर्षांची रोकिया, आणि तिचा फोटो. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८. इथपर्यंत कुणालाही पटेल, पण तिसऱ्या गटाला रोकियाही दिली आणि आकडेही दिले, त्यांचे आले १.४३. म्हणजे आकडे जोडल्यावर रोकियाचे पैसे घटले!

त्यातलाच पुढचा भाग तुमच्या त्या सज्जन गृहस्थांना लागू आहे बघा. काही जणांना पत्र देण्याआधी साधी गणितं सोडवायला लावली, काहींना मनात येणाऱ्या भावना लिहायला लावल्या. गणित करून आलेल्यांनी रोकियाला कमी दिलं. मन एकदा हिशोबाला बसलं की ते हिशोबच करत राहतं. तुम्ही त्यांच्या हातात पत्रक दिलंत आणि मावशींच्या पुढ्यात मुलगी उभी केलीत. दगडाचं काळीज वगैरे काही नसतं हो त्यात, कुणाच्या पुढ्यात काय ठेवलं यावर फार असतं.

हिशोबनीस

मी सीए आहे, पंधरा-सोळा लहान ट्रस्टांचं ऑडिट करतो, त्यातल्या बऱ्याच जणांकडून फी घेत नाही, म्हणून थोडं कडक बोललं तर राग मानू नका.

एक मुलगी दाखवून पैसे मिळतात हे मलाही दिसतं रोज. पण त्यातून काय होतं तेही दिसतं. ज्या संस्थेकडे गोड चेहऱ्याचं लहान मूल आहे तिच्याकडे पैसा, आणि मनोरुग्ण पुरुषांना सांभाळणारी संस्था गेली सहा वर्षं मार्च आला की उसनवारी करते. साठीचा, दाढी वाढलेला, स्वतःशी बडबडणारा माणूस, त्याचा फोटो बघून कुणाचा हात खिशाकडे जातो सांगा. गरज त्याचीही तेवढीच आहे. म्हणून मला वाटतं द्यायचं ते डोक्याने द्यावं.

दुसरी गोष्ट, लोक मला विचारतात "शंभरातले किती पोचतात?" प्रश्न बरोबर आहे पण त्यामागे अशी समजूत असते की लेखनिकाचा पगार, वीजबिल, गाडीभाडं हे म्हणजे गळती. अरे त्याशिवाय पोचवणार कोण? यावरही २०१४ सालचा एक मोठा प्रयोग आहे, उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांचा. पत्रात नुसतं एवढं लिहिलं की आमचा कार्यालयीन खर्च एका मोठ्या देणगीदाराने आधीच उचललाय, तुमचा पैसा न् पैसा कामालाच जाईल. तेवढीच रक्कम "तुमच्याइतकीच आम्ही भर घालू" म्हणून वापरली तेव्हा आले त्यापेक्षा यात बरेच जास्त पैसे आले. रक्कम तीच! म्हणजे माणसाला आपला रुपया कागद-पेनात गेलेला सोसत नाही, ताटात पडलेला बघायचा असतो.

करसवलतीचं म्हणाल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ८०जीच्या पावत्यांसाठी फोन येतात हे खरं, पण नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, आणि माझ्या पाहण्यातल्या नेहमीच्या देणगीदारांपैकी त्या कारणाने थांबलेले अगदी थोडे. सवलतीमुळे देण्याचा महिना ठरतो, द्यायचं की नाही ते आधीच ठरलेलं असतं असं माझं मत.

कृष्णाकाठचा

हिशोबनीस साहेब बरोबर बोलले, मी त्यात माझं सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टात आमच्याकडं पाणी आलं तवा अख्खा महाराष्ट्र धावला, ते आम्ही मरेपर्यंत विसरणार नाही, हे आधी सांगतो. ब्रह्मनाळला बोट उलटली ती बातमी टीव्हीवर दिसली आणि मग तर गाड्यांची रांगच लागली. पण मी तिथं हायस्कूलच्या हॉलमध्ये सामान उतरवून घ्यायला होतो पंधरा दिवस. काय काय आलं माहितीय? जुने कपडे, एवढे की हॉलचा एक कोपरा छतापर्यंत भरला, त्यात चांगलेही होते पण फाटके, बटणं गेलेले, लग्नातले कोट, लहान पोरांचे लोकरीचे टोपडे, आणि बायकांच्या साड्या आल्या पण परकर नाहीत. घरात चिखल गुडघाभर, आम्हाला पाहिजे होतं फावडं, खराटा, फिनेल, गमबूट, जनावरांना वैरण. वैरणीची गाडी आली एक, ती कोल्हापूर बाजूच्या एका गावानं भरून दिलेली, त्यांच्या घरातही पाणी येऊन गेलेलं होतं. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्यालाच कळतं की म्हैस तीन दिवस उपाशी आहे.

तवा मला एक समजलं की माणूस देतो तेव्हा स्वतःच्या घरात बघून देतो, समोरच्याच्या घरात बघून नाही. मनात कळकळ असते, खोटी नसते, पण डोळ्यापुढं चित्र नसतं. ज्यांनी फोन करून विचारलं "काय पाठवू?" ते पाच-सहाच निघाले. त्यातले एक ठाण्याचे काका, त्यांनी दीडशे खराटे पाठवले. त्यांचं नाव आमच्या गल्लीत अजून निघतं.

आणि नीराकाठ ताई, तुमच्या मावशीचा प्रश्न मला फार आवडला. आमच्याकडं वासुदेव यायचा पहाटे, मोरपिसाची टोपी, हातात चिपळ्या. आई सुपातून पसाभर जोंधळं घालायची की तो लगेच दान पावलं, दान पावलं म्हणत देवांची नावं घ्यायचा, जेजुरीच्या खंडोबाला पावलं, पंढरीच्या विठोबाला पावलं असं. आई आत जाता जाता ते सगळं ऐकून मगच आत जायची, मधे कधी गेली नाही. दिलेलं पोचलं हे कानावर पडायला पाहिजे माणसाच्या.

नीराकाठ

कृष्णाकाठचा दादा, परकराचं वाचून मी बराच वेळ थांबले. आमच्याकडेही असंच, सणाला लोक मुलींना गोड पाठवतात, एकाच दिवशी चार घरचे गुलाबजाम, आणि सॅनिटरी पॅड कुणी म्हणून देत नाही. मागायची लाज आम्हालाच वाटायची. आता पावतीच्या मागे यादी छापलीय.

वासुदेवाचं डोक्यातून जात नाहीये.

साधी_सोपी

मला थोडं वेगळं म्हणायचंय. इथे सगळे आतून उमाळा येऊन देणाऱ्यांबद्दल बोलताय पण निम्म्याहून जास्त वेळा आपण देतो ते नाही म्हणता येत नाही म्हणून. खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते.

आमच्या सोसायटीत वर्गणीची वही फिरते, नाव आणि पुढे रक्कम. पहिल्या ओळीत कुणी एक हजार एक लिहिले की खाली सगळे हजार-पाचशेच्या आसपास, आणि पहिल्याने दोनशे एक्कावन्न लिहिले की अख्खं पान अडीचशेचं. मी दोन वर्षं खजिनदार होते, हे बघून मी वही कुणाकडून सुरू करायची ते ठरवायला लागले. मला ते बरोबर वाटलं नाही, तिसऱ्या वर्षी मी काम सोडलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, पेन्शनवर, वर पाचशे बघून त्यांनी पाचशे लिहिले, आणि त्या महिन्यात त्यांनी पेपर बंद केला हे मला पेपरवाल्याकडून कळलं. ते पाचशे मला अजून टोचतात.

आणि मी स्वतः, दार वाजलं आणि भिंगातून पावतीपुस्तक दिसलं की श्वास रोखून उभी राहिलेली आहे. द्यायची इच्छा नसते असं नाही, मी दर महिन्याला एका शाळेला पैसे पाठवते. पण त्या क्षणी कुणी माझ्याकडून काढून घेतंय असं वाटतं.

चांदणचुरा

साधी_सोपी, तू हे लिहिलंस ते बरं झालं, आणि तू एकटी नाहीस. शिकागोच्या आसपास घरोघर जाऊन असा प्रयोग केलाय, डेलाविन्या, लिस्ट आणि माल्मेंडियर यांचा, २०१२ चा. काही घरांच्या दाराला आदल्या दिवशी चिठ्ठी लावली की उद्या अमुक वेळेत देणगी मागायला येणार. तर त्या वेळेत दार उघडणारेच कमी झाले. आणि चिठ्ठीवर "आम्हाला त्रास देऊ नका" असा चौकोन खूण करायला ठेवला तेव्हा देणग्या २८ ते ४२ टक्क्यांनी घटल्या, त्यातही लहान रकमा जास्त गळाल्या. म्हणजे त्या लहान रकमांतल्या बऱ्याचशा तोंडावर नाही म्हणता न आल्याच्या होत्या.

वहीतल्या पहिल्या आकड्याचंही तसंच. जेन शांग आणि रेचल क्रोसन यांनी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक रेडिओ केंद्राच्या देणगी मोहिमेत फोन करणाऱ्यांना सहज सांगितलं की आत्ताच एका श्रोत्याने ३०० डॉलर दिले, तर सरासरी देणगी १२ टक्क्यांनी वाढली. यात फसवणूक नाही, माणसाला कळत नसतं की किती दिलं म्हणजे योग्य, मग तो शेजाऱ्याकडे बघतो. पण आजींच्या बाबतीत तू म्हणतेस ते खरंय, ज्याला बघून आपण ठरवतो त्याचा खिसा आपल्यासारखा असतोच असं नाही.

तरी एक लक्षात घ्या, दडपणाने दिलेलं एकदाच मिळतं. आपणहून दिलेलं परत येतं. जेम्स आंद्रेओनी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९८९-९० च्या सुमारास एक साधी गोष्ट मांडली. समजा नीराकाठ ताईंच्या मुलींना धान्यच हवंय आणि मला तेवढंच साधायचंय, तर कुणी शेजाऱ्याने लाखभर दिले की मी माझे पाचशे परत खिशात घालायला हवेत, काम तर झालं. पण असं कुणी करत नाही. कारण "ते झालं" यापेक्षा "मी केलं" याची एक ऊब असते. बरेच लोक याला स्वार्थ म्हणून नाक मुरडतात, मला ते मुळीच पटत नाही. मूल जेवलं की आईला बरं वाटतं म्हणून आई स्वार्थी होते का?

निवृत्त_मास्तर

सर्वांस नमस्कार. वय ७८, टंकलेखन हळू आहे, चुका पोटात घाला.

मी १९६३ ते ६५ तालुक्याच्या गावी वार लावून जेवलो. आजच्या मुलांना सांगावं लागेल, सात दिवसांची सात घरं, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. सगळी घरं सारखी नसतात. एका घरी मला मागच्या पडवीत वाढत, घरच्यांचं उरकल्यावर. त्यांचा अन्नाचा कण न् कण मी मानतो, तक्रार नाही. पण गुरुवारचं घर होतं तिथल्या वहिनी पाट मांडत तो आपल्या मुलाच्या शेजारी, आणि मुलाच्या ताटाभोवती जशी रांगोळी तशी माझ्याही. सणाचा दिवस नसला तरी. भाताबरोबर विचारायचं ते विचारत, गणिताचा पेपर कसा गेला, घरून पत्र आलं का. साठ वर्षं झाली, त्या घरी काय खाल्लं ते विसरलो, पेपर कसा गेला हे कुणीतरी विचारत होतं ते आठवतं. आज मी दरमहा दोन विद्यार्थ्यांचा जेवणाचा खर्च देतो, आणि तुम्ही विचारलंत कशामुळे, तर उत्तर ते आहे. वहिनी कधीच गेल्या, त्यांना परत देता येत नाही. तेव्हा उतराई व्हायचं ते पुढच्या कुणाकडे.

दुसरं, लहान रकमेबद्दल लिहावंसं वाटतं. आपल्याकडे पैसा फंड होऊन गेला. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना काढली की प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. ते त्यासाठी गावोगाव हिंडले, टिळकांनी पाठिंबा दिला, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. पैसाच का मागितला असावा? माझं मत असं की पैसा इतका लहान की "मला परवडत नाही" असं कुणाला म्हणता येत नाही, आणि दिल्यावर मात्र कारखाना "आपला" होतो. मावशींचे पन्नास रुपये त्याच जातीचे.

आणि नावासाठी देणाऱ्यांना आपण फार लवकर नावं ठेवतो. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं ते फार चणचणीत चालत होतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. मुलाला आपल्या आईचं नाव मुलींच्या शिक्षणाला लागावं असं वाटलं, यात मला काहीच हलकं दिसत नाही. मावशींनी लेकीचं नाव पावतीवर घातलं, ते आणि हे एकच आहे, रकमेचा फरक सोडला तर.

दूर_एडिसनहून

मास्तर, तुमचं वाचून आईशी फोनवर बोलले, तिच्या माहेरीही वार असायचे म्हणे.

माझं खरं कारण सांगते. मी गाव सोडून इकडे अमेरिकेत आले म्हणून देते. गावच्या शाळेला दरवर्षी पैसे पाठवते तेव्हा माझ्या मनात त्या मुलांपेक्षा ती मागची कौलारू इमारत असते. यात अपराधी वाटणं आहे, आहेच. आमच्या कंपनीत तुम्ही जितके द्याल तितकी कंपनी भर घालते. त्यामुळे सहकारी जास्त देतात हे दिसतं, आणि कार्लन आणि लिस्ट यांच्या २००७ च्या अभ्यासात पन्नास हजार पत्रं पाठवून हे तपासलंय, भर घालू म्हटलं की देणारे वाढतात, मात्र एकास एक ऐवजी एकास तीन केलं तरी आणखी वाढत नाहीत. मला ते समजतं. माझ्या जोडीला कुणीतरी उभं आहे एवढंच पुरतं. पण कंपनीची भर येते त्या संस्थांकडून मला छापील आभाराची ईमेल येते, आणि गावच्या शाळेचे शिक्षक व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात, "ताई, हे नवीन नळ." नळाचा फोटो, त्यात एक मूलही नाही, नुसते पितळी नळ आणि ओली फरशी. तो मी दिवसातून चार वेळा बघते.

रक्तगट_ओ

मी पैसे फारसे देऊ शकत नाही, रक्त देतो, आत्तापर्यंत ३४ वेळा. माझा मुद्दा एवढाच की देण्याच्या बदल्यात काही द्यायला गेलं की बिघडतं कधीकधी. स्वीडनमध्ये २००८ सालचा अभ्यास आहे, रक्तदानासाठी तपासणीला यायला पन्नास क्रोनर देऊ केले तर तयार होणाऱ्या बायकांचं प्रमाण ५२ वरून ३० टक्क्यांवर आलं, आणि ते पैसे कॅन्सर झालेल्या मुलांसाठी देता येतील म्हटल्यावर परत ५३. पुरुषांत असा फरक दिसला नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर रक्त विकणं बंद झालं, तरी शिबिरात डबा, बादली, हेल्मेट चालूच. गेल्या वर्षी एका शिबिरात माझ्या शेजारच्या खाटेवरचा तरुण मुलगा पहिल्यांदाच आला होता, घाबरलेला, बाहेर पडताना त्याच्या हातात डबा ठेवला तेव्हा तो म्हणाला "मी याच्यासाठी आलो नव्हतो", आणि खरोखर त्याचा चेहरा उतरला. डबा टेबलावर ठेवून गेला.

सावली_२०

पहिल्यांदाच इथे लिहितेय. वाचत होते सगळं. मी घेणारी होते.

एका ट्रस्टच्या मदतीवर बारावीपर्यंत शिकले, आता नोकरी करते. दरवर्षी त्यांचा कार्यक्रम व्हायचा, आम्हाला स्टेजवर रांगेत उभं करायचे, एकेकीला वह्यांचा गठ्ठा देणार, देणारे साहेब एका बाजूने धरणार, आपण दुसऱ्या बाजूने, आणि फोटो निघेपर्यंत दोघांनी तसंच धरून राहायचं. मग एकीने मनोगत बोलायचं, दहावीत माझी पाळी आली. मॅडमनी लिहून दिलं होतं, त्यात वडील दारू पितात असं वाक्य होतं. वडील दारू पीत नव्हते. मी ते वाक्य गाळून बोलले तर नंतर ऐकावं लागलं की तुझ्यामुळे पाहुण्यांवर परिणाम झाला नाही.

म्हणून चांदणचुरा ताई, एकच मुलगी दाखवली की पैसे येतात हे मला माहितीय, मीच होते ती मुलगी. त्याच ट्रस्टला एक आजोबा पैसे द्यायचे, ते कार्यक्रमाला कधी यायचे नाहीत, पण निकाल लागला की पोस्टकार्ड टाकायचे, "कळव." एवढंच. मी मार्क लिहून पाठवायचे, इंग्रजीत कमी पडले तर तेही. त्यांना कळवताना मला कधी लहान वाटलं नाही. उलट वाटायचं कुणीतरी वाट बघतंय. आभार मागणं आणि खबर मागणं यात फरक आहे, तो जे घेतात त्यांना लगेच कळतो.

हिशोबनीस

सावली, तुमची पोस्ट आज माझ्याकडच्या तीन संस्थांच्या विश्वस्तांना वाचून दाखवली. एकीने वार्षिक कार्यक्रमातलं वाटप या वर्षीपासून बंद करायचं ठरवलंय. मी डोक्याने द्या म्हणत होतो ते अजूनही म्हणतो, पण माझ्या अहवालात पोस्टकार्डाला जागाच नव्हती हे मान्य करतो. आणि त्या मनोरुग्णांच्या संस्थेला मी सुचवलंय, फोटो नको, दर तीन महिन्यांनी देणगीदाराला एक ओळ लिहा, कोण आता स्वतःच्या हाताने जेवतो, कुणाला घरचा पत्ता आठवला.

साधी_सोपी

आमच्याकडे या गणपतीपासून वही बंद, बंद पाकीट सुरू करायचा ठराव मांडलाय. दोघांचा विरोध आहे, बघू. आजींना भेटून आले.

नीराकाठ

थोडे दिवस येता आलं नाही, मेसचा गॅस आणि मुलींच्या परीक्षा, सगळं एकदम.

सावलीची पोस्ट वाचल्यावर आधी मला स्वतःचीच भीती वाटली. मी मावशींना त्या मुलीची गोष्ट सांगितली, आईवडील ऊसतोडीला जातात वगैरे, ते तिला विचारून सांगितलं होतं का? नाही. म्हणून मागच्या आठवड्यात तिच्याशी बोलले, खरं काय झालं ते सगळं सांगितलं, म्हटलं तुला चालणार नसेल तर मी मावशींना सांगेन की पैसे सगळ्यांच्या जेवणाला गेले, तेही खरंच आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांच्या लेकीचं नाव पावतीवर आहे ना? मग मीच जाऊन सांगते, तुम्ही नका सांगू."

पहिल्या वर्षाचा निकाल लागलाय तिचा, पास झालीय. काल शनिवारी ती माझ्याबरोबर आली, मी जरा लांबच, नारळवाल्यापाशी उभी राहिले. मावशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. हिने गुणपत्रिका पुढे केली, मावशींनी ती लगेच हातात घेतली नाही, हात ओले होते, आधी पदराला पुसले, मग दोन्ही हातांनी कडा धरून घेतली. त्यांना वाचता येत नाही. "तुझं नाव कुठंय यात?" विचारलं. हिने बोट ठेवून दाखवलं. मावशी त्या जागेकडे बराच वेळ बघत होत्या, मधे एक गिऱ्हाईक टोमॅटो काय भाव म्हणून विचारून गेलं, त्याला उत्तरही दिलं नाही. मग कागद परत देत म्हणाल्या, "अजून किती वर्षं?"

"दोन."

"मग दिवाळी झाली की ये."